गावातली पोरं मशीनवर टिकत नाहीत, ट्रेनिंगला कुठं पाठवू? – २७ वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गारगोटीच्या बाहेर शेड टाकलंय, चार सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ) आणि एक व्हीएमसी (तसलंच मिलिंगचं मशीन), कोल्हापूरच्या एका कंपनीचं जॉबवर्क मिळालंय, पण सहा महिन्यांत पाच ऑपरेटर सोडून गेले. कोल्हापूरचा अनुभवी माणूस पन्नास किलोमीटर यायला तयार नाही आणि गावातल्या पोरांना काही येत नाही. मग त्यांना ट्रेनिंगला कुठं पाठवू, सरकारी स्कीम कुठली घेऊ, आणि शिकवल्यावर पळून जाऊ नयेत म्हणून बॉण्ड लिहून घेऊ का?

पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देतो, कुठंही पाठवू नका. तुमच्याकडं जे पार्ट चालतात, जी मशीन आहे, जो कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) आहे, त्याच्यावरच तो पोरगा घडणार, आणि ते घडवायचं काम तुमचं आहे, सरकारचं नाही, आयटीआयचं तर अजिबात नाही. हे ऐकायला कडू लागतं मला माहितीये, कारण मीपण मशीनचे हप्ते फेडलेत आणि हप्ता चालू असताना "आधी तीन महिने शिकव" असं कुणी सांगितलं की डोकं तापतं. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मी जे बघितलं ते हेच, मशीनला पंचवीस-तीस लाख घालणारा मालक माणूस घडवायला पंचवीस हजार घालत नाही आणि मग वर्षभर "माणूस मिळत नाही" म्हणून चहाच्या टपरीवर रडतो.

माणसं आहेत हो. भुदरगड, राधानगरी, आजरा, ह्या पट्ट्यातली माणसं दोन-तीन पिढ्या बाहेर जाऊन राबतायत. आजोबा मुंबईला गिरणीत, बाप पुण्याला कुठल्यातरी कंपनीत नाहीतर हॉटेलात, नातू चाकणला कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे कारखान्यात काम करणं ह्या लोकांना नवीन नाही, नवीन काय आहे तर कारखाना घराजवळ असणं. आणि इथंच सगळी गोची आहे. चाकणला गेलेला पोरगा खोलीवर झोपतो आणि कंपनीत जातो, त्याला तिसरं काही काम नसतं. तुमच्याकडं येणारा पोरगा घरात राहतो, आणि घरात राहणाऱ्या पोराला घर सोडत नाही.

एक उदाहरण सांगतो. माझ्याकडं कागलच्या बाजूच्या एका गावातला पोरगा होता, हुशार, हात चांगला, पण एक आठवडा एकदम नीट आणि पुढचा आठवडा अगदी बेकार, मशीनपुढं उभ्या उभ्या डुलक्या. सुपरवायझर म्हणाला, पितोय वाटतं. मी दोन महिने हजेरी आणि रिजेक्शन एकापुढं एक मांडून बघितलं तर बरोबर आठवड्याआड घोळ. मग डोक्यात प्रकाश पडला, त्याच्या गावात शेतीपंपाला एक आठवडा दिवसा लाईट आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हा गडी दोन वाजता उसाला पाणी पाजायला जायचा, कारण बापाचे गुडघे गेलेले, आणि सकाळी आठला माझ्याकडं हजर. पितोय कसला, बिचारा झोपत नव्हता. त्याला रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लावली, विषय संपला. एक रुपया खर्च नाही. (आता जिथं सोलर फीडर झालेत तिथं हा त्रास कमी झालाय, तुमच्याकडं काय आहे ते तुम्हीच बघा.)

तसंच उसाची तोड. कारखान्याची तोड कधी येईल ते शेतकऱ्याच्या हातात नसतं, आली की घरातली सगळी माणसं लागतात, आणि तेव्हा पोरगा तुम्हाला फोन करून "ताप आलाय" सांगणार. तो खोटं बोलतो कारण खरं सांगितलं तर सुट्टी मिळणार नाही हे त्याला माहितीये. मी नियम केला, तोड आली की आधल्या दिवशी सांगायचं, दोन दिवस मिळतील, खाडा लागणार नाही, बदल्यात पुढच्या दोन आठवडी सुट्ट्यांपैकी एक भरून द्यायची. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च मधले "ताप" निम्मे झाले. बेंदूर, म्हाई (गावची मटणाची जत्रा), जोतिबाची यात्रा हे पण असंच, वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून टाका आणि त्या आठवड्याची डिलिव्हरी कस्टमरला आधी सांगा. म्हाईच्या दिवशी शिफ्ट चालवायचा नाद करू नका, कोण येणार नाही, आणि आला तो पण मटणाच्या विचारात असतो.

आता शिक्षणाचं. तुम्ही म्हणता "बारावी झालेल्या पोराला व्हर्नियर बघता येत नाही". व्हर्नियर म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग मोजायची सरकती पट्टी. बरोबर आहे, नाहीच येत, आणि ते फक्त तुमच्याकडं नाही. प्रथम संस्थेचा असर रिपोर्ट असतो ना, त्यांनी २०२३ साली खेड्यातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांचा सर्व्हे केला, देशातल्या २८ जिल्ह्यांत. त्यात पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली तर लांबी साधारण ८५ टक्के पोरांनी बरोबर सांगितली, आणि तीच वस्तू शून्य सोडून पुढच्या आकड्यापासून ठेवली तर बरोबर सांगणारे उरले ३९ टक्के. हा आकडा मी माझ्या केबिनमध्ये लिहून ठेवलाय. कारण याचा अर्थ पोरं ढ आहेत असा होत नाही. त्यांना पट्टी वाचायला शिकवलंय, मोजायला नाही. शेवटचा आकडा वाचला की उत्तर, एवढंच. आणि आपण त्याच पोराच्या हातात ०.०२ लिस्ट काउंटचा (म्हणजे ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा) व्हर्नियर देतो आणि वर ओरडतो.

माझ्याकडं झालेली गोष्ट सविस्तर सांगतो कारण ही तुमच्याकडंही होणारच आहे, कदाचित झाली पण असेल. सीआयचा (कास्ट आयर्नचा) फ्लँज, बोअर (आतलं भोक) २४.३५ मिलिमीटर, प्लस मायनस ०.०५. नवीन पोरगा, तिसरा आठवडा. बोअर गेज दुसऱ्या मशीनवर अडकलेला म्हणून त्यानं व्हर्नियरनं चेक केलं. मेन स्केलवर २४, आणि व्हर्नियरची सतरावी रेघ जुळली. म्हणजे सतरा गुणिले ०.०२, ०.३४, माप झालं २४.३४, जॉब एकदम ओके. ह्यानं काय वाचलं? चोवीस पॉइंट सतरा. रेघा मोजल्या आणि पॉइंटच्या पुढं लिहिल्या. आता त्याच्या हिशोबानं बोअर ०.१८ लहान, म्हणून साहेबांनी शिकवलंय तसं त्यानं वेअर ऑफसेटमध्ये (टूल किती सरकवायचं तो आकडा) ०.१८ प्लस मारला. प्रामाणिकपणे हो! न विचारता मशीन चालू ठेवायचं सोडून त्यानं करेक्शन केलं, म्हणजे खरं तर चांगलं काम केलं त्यानं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अडतीस जॉब २४.५२ ला गेले. ओडी (बाहेरचं माप) असता तर परत मारला असता, बोअर मोठा झाला की कास्टिंगसकट भंगार.

सुपरवायझरनं त्याला सगळ्यांसमोर झापला, मी पण झापणार होतो. पण संध्याकाळी त्याला विचारलं, तुझ्या घरी म्हशी किती. दोन. दूध कुठं घालतोस. डेअरीला. स्लिप आहे का खिशात? होती. तिच्यावर फॅट ६.५, एसएनएफ ९.०. म्हटलं फॅट ६.५ च्या ऐवजी ६.४ लागली तर काय होतं? पोरगं ताडकन म्हणालं, "लिटरला पैसं कमी येत्यात की." आणि ६.०५ लागली तर? हसायला लागला, "मग आई डेअरीवाल्याशी भांडंल." म्हणजे बघा, दशांश त्याला माहितीये, ०.५ आणि ०.०५ मधला फरक त्याच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ पैशात मोजला जातो, फक्त वर्गातला दशांश आणि डेअरीतला दशांश एकच आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग पुढचं सोपं होतं. एक मिलिमीटर म्हणजे एक रुपया धर. व्हर्नियरवर पन्नास रेघा, म्हणजे एक रेघ दोन पैशाची. सतरा रेघा म्हणजे किती पैसे? चौतीस. मग सतरा का लिहिलंस? गप्प बसला थोडा वेळ आणि म्हणाला, "मी नाणी मोजली, पैसं मोजलंच न्हाईत." आजतागायत मी व्हर्नियर असाच शिकवतो. दोन पैशाचं नाणं हल्लीच्या पोरांनी बघितलेलं नसतं, आजीला विचारून या म्हणतो.

हे एवढं लांबण लावलं कारण तुमच्या ट्रेनिंगची पहिली पायरी ही आहे. सीएनसी प्रोग्रामिंगचा तीन महिन्यांचा कोर्स करून आलेली पोरं माझ्याकडं येतात, जी कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) पाठ असतात, जी-झिरो-वन, जी-सेव्हन्टी-वन, धाडधाड म्हणून दाखवतात, आणि जॉब चकमध्ये पकडल्यावर रनआउट (फिरताना जॉब किती हलतो) किती हे बघायचा डायल धरता येत नाही. तुमच्या शेडात ऑपरेटरला प्रोग्राम लिहायचाच नाहीये. त्याला जॉब नीट पकडायचाय, चिप काढून टाकून मगच पकडायचाय, मोजायचंय, ऑफसेट योग्य दिशेला मारायचाय, इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) कधी बदलायचा ते आवाजावरून आणि फिनिशवरून ओळखायचंय आणि शंका आली तर मशीन थांबवायचीय. बस. एवढं यायला बारावी नापास पोराला साधारण तीन महिने लागतात, जर शिकवणारा असेल तर.

आणि खरी अडचण ती आहे, शिकवणारा. पोरगा नाही. तुमच्याकडं जो एक सेटर (मशीन लावून देणारा) आहे ना ज्याच्या जिवावर शेड चाललंय, तो शिकवत नाही. बरोबर? मी पैजेवर सांगतो. आमच्याकडं एक होता, अत्यंत हुशार, सेटिंग करताना पोराकडं पाठ करून उभा राहायचा आणि सगळे ऑफसेट एका छोट्या डायरीत, ती डायरी शर्टाच्या आतल्या खिशात, लग्नाला जाताना पण सोबत न्यायचा म्हणे. मी आधी त्याला वाईट समजत होतो. नंतर कळलं की आधीच्या ठिकाणी त्यानं दोन पोरं शिकवली आणि मालकानं त्यालाच कमी केला, कारण ती पोरं निम्म्या पगारात तेच काम करत होती. तो हातचं राखून वागतोय यात त्याचं काय चुकलं? म्हणून क्रम उलटा करा. आधी सेटरला कायम करा, पगार वाढवा, त्याला लेखी द्या की तू आता ट्रेनिंगचा इन-चार्ज, आणि पोरगा तीन महिन्यांनी स्वतंत्र मशीन चालवायला लागला आणि सहा महिने टिकला तर त्याचे इतके पैसे तुला. टिकला तरच, नाहीतर तो शिकवेल आणि मग पोराला पिडेल. आमच्या त्या बहाद्दरानं डायरी स्वतः फोटोकॉपी करून मशीनवर चिकटवली, मी मागितली पण नव्हती.

शिकवायची पद्धत विचाराल तर मी काही नवीन शोधलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कारागीर फौजेत गेले आणि कारखान्यात कधी न आलेली माणसं, बायका कामावर घ्याव्या लागल्या, तेव्हा त्यांनी सुपरवायझर लोकांना शिकवायचं कसं तेच शिकवलं. टीडब्ल्यूआय म्हणतात, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री. त्याच्या चार पायऱ्या आहेत, माणसाची तयारी कर, करून दाखव, त्याच्याकडून करून घे, आणि नंतर लक्ष ठेव. मी त्यात एक घातलं, करून घेताना त्यानं तोंडानं बोलायचं, आत्ता मी काय करतोय आणि का करतोय. का सांगता आलं नाही म्हणजे नुसतं बघून नक्कल चाललीय. आपल्याकडं काय होतं, मेस्त्री एकदा भरभर करून दाखवतो, "कळलं का?", पोरगा म्हणतो "हो", संपलं ट्रेनिंग. गावातलं पोरगं मोठ्या माणसाला "नाही कळलं" म्हणणार नाही हो, घरात पण कधी म्हटलेलं नसतं.

पहिले काही दिवस मशीनला हात लावू देऊ नका. झाडू, चिप भरणं, कूलंट बघणं, बर (कडेला राहिलेले धारदार कण) काढणं, आणि रोज अर्धा तास माप. तेच दहा रिजेक्ट जॉब टेबलावर ठेवा आणि रोज मोजायला लावा, सेटरचं माप आणि त्याचं माप शेजारी शेजारी लिहा. फरक ०.०२ च्या आत आला की मशीनवर, मग तो चौथ्या दिवशी येवो नाहीतर दहाव्या. त्यानंतर महिनाभर नुसतं लोडिंग-अनलोडिंग आणि गो-नोगो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं). दुसऱ्या महिन्यात ऑफसेट, आणि ऑफसेटची दिशा, कारण प्लस-मायनसचा घोळ हा सगळ्यात महागडा घोळ आहे, त्यासाठी मशीनवर मोठ्या अक्षरात लावा, बोअर लहान आला तर प्लस, बोअर मोठा आला तर हात लावू नको, सेटरला बोलव. कंट्रोलरवरचे अलार्म इंग्रजीत येतात, मराठी मीडियमचं पोरगं अलार्म आला की घाबरून रीसेट मारतं. तुमच्या मशीनवर वर्षभरात प्रत्यक्ष येणारे अलार्म पंधरा-वीसच असतात, ते देवनागरीत लिहून बाजूला अर्थ आणि काय करायचं ते लिहा, लॅमिनेट करा. दोनशे रुपयांचं काम आहे, आणि माझ्या मते अख्ख्या ट्रेनिंगमधला सगळ्यात फायद्याचा खर्च.

आता कुणाला घ्यायचं. सगळे आयटीआय झालेला मागतात. आयटीआय वाईट नाही, मी स्वतः तालुक्याच्या एका आयटीआयच्या मॅनेजमेंट कमिटीवर होतो. २००७-०८ पासून केंद्रानं देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयना पीपीपी स्कीममधून प्रत्येकी अडीच कोटी बिनव्याजी कर्ज दिलं, कमिटीचा अध्यक्ष उद्योगातला माणूस, कल्पना एकदम चांगली. आमच्याकडं त्यातून मशीन आली, आणि थ्री फेजचं कनेक्शन वाढवून मिळेपर्यंत ती प्लास्टिकच्या कव्हरमध्येच उभी. निदेशकांच्या जागा रिकाम्या, एक निदेशक दोन ट्रेड बघतोय. तरी सांगतो, टर्नर, मशिनिस्ट, फिटर असा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या पोराचा हात फायलिंग करून बसलेला असतो आणि ड्रॉइंग बघायची भीती गेलेली असते, एवढं पुष्कळ आहे. बाकी तुम्ही शिकवा. आणि ड्युअल सिस्टिम म्हणून प्रकार आहे, त्यात आयटीआयशी करार करून पोरं शिकत असतानाच काही महिने तुमच्याकडं येतात. प्राचार्यांना जाऊन भेटा, फोनवर होत नाही हे काम.

दुसरे, ज्यांच्याकडं कोणी बघत नाही, ते म्हणजे भरतीवाली पोरं. तुमच्या रस्त्याला पहाटे पाचला पळणारी पोरं दिसतात ना? मिलिटरी, पोलीस. अठरा ते तेवीस वय त्यातच जातं. त्या वयात त्यांना ठेवू नका, आज ग्राउंड उद्या पेपर, टिकणार नाहीत. पण चोवीस-पंचवीसला मिलिटरीचं वय निघून गेलं, लग्नाचं बघायला लागले, की तोच पोरगा सगळ्यात भारी कामगार. वेळेत येतो, आठ तास उभं राहायची सवय, सिनियरचं ऐकतो. माझे आत्ताचे चार बेस्ट ऑपरेटर भरतीत नापास झालेले आहेत. अकॅडमीच्या मास्तरांना सांगून ठेवा, ते पाठवतात.

तिसरं, बायका. बोअर गेजवर, फायनल इन्स्पेक्शनला आणि हलक्या जॉबच्या मशीनवर बायका पुरुषांपेक्षा बऱ्या, हे मी अनुभवानं सांगतो, मोबाईल कमी बघतात आणि संशय आला तर विचारतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं खेड्यातल्या बाईचा कामावर यायचा हिशोबच बदलला. पण एसटीच्या वेळा बघून शिफ्ट लावा, साडेपाचची गाडी चुकली तर पुढं वडाप (खाजगी जीप), आणि अंधारात वडापनं आलेल्या सुनेची नोकरी घरात दुसऱ्या दिवशी बंद होते. आणि जाहिरात देण्याआधी संडास बांधा, वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं. एका कारखान्यात नऊ बायका एका महिन्यात सोडून गेल्या, मालक म्हणे पगार कमी पडला असेल. मी जाऊन बघितलं तर संडासाच्या दाराला कडी नव्हती. बचत गटातून विचारा, बचत गटांच्या सरकारी उमेद अभियानाच्या ताई प्रत्येक गावात असतात, त्यांच्या शब्दावर घरचे पाठवतात.

स्कीमचं आता पटकन. अप्रेंटिसशिप घ्या, ती खरी कामाची आहे. १९६१ चा कायदा आहे, तीस किंवा जास्त माणसं असली की सक्तीचा, चार ते एकोणतीस असली की ऐच्छिक, आणि एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेता येतात. तुमच्याकडं बारा माणसं म्हणता, पंधरा टक्के म्हणजे १.८, म्हणजे जेमतेम एक-दोन पोरं. त्यामुळं सगळी शिफ्ट अप्रेंटिसवर चालवायचं स्वप्न पाहू नका. २०१९ च्या नियमात किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० आहे, २०२५ मध्ये ते वाढवायची शिफारस झालीय, करार करताना पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या. नॅप्स ह्या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं आणि ते आता थेट पोराच्या खात्यात जातात. अप्रेंटिसला पीएफ, ईएसआय लागत नाही, पण त्याला दुखापत झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी तुमची, हे लक्षात ठेवा आणि पहिल्या दिवसापासून सेफ्टी शूज द्या. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, सहा महिने, नंतर मुदत वाढवली. ती पोरगा पारखायला चांगली, पण फुकटचा कामगार म्हणून घ्याल तर मुदत संपली की तो पण संपला. आणि ५११ गावांत प्रमोद महाजन कौशल्य विकास केंद्रं काढली २०२३ ला, तिथं तुमचा ट्रेड असेलच असं नाही, जवळ असेल तर चक्कर मारा, निदान मुलांची यादी मिळेल.

एक गोष्ट मात्र गारगोटीत बसून तुम्ही विसरू नका म्हणून सांगतो. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे, त्यांनी मौनी विद्यापीठ तुमच्या गावात उभं केलं ते ह्याच विचारानं की खेड्यातल्या पोराचं शिक्षण खेड्यातल्या कामाला जोडलेलं पाहिजे. केंद्र सरकारनं पन्नासच्या दशकात मोजक्या रुरल इन्स्टिट्यूट काढल्या त्यातली एक तिथं होती, आणि आयसीआरई (तिथलं इंजिनिअरिंग डिप्लोमाचं कॉलेज) तर आजही आहे, तुमच्या शेडापासून किती लांब? डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना तुमच्या रिजेक्शनचा प्रॉब्लेम प्रोजेक्ट म्हणून द्या, फिक्श्चर बनवायला द्या. फुकट नको, मटेरियलचा खर्च तुम्ही करा. त्यातला एखादा राहतो. आणि जमलं तर एकदा शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरची संशोधनाची नोकरी सोडून तिथं गेले आणि १९८३ ला आश्रम काढला, शाळेत न टिकलेली पोरं वर्षभर तिथं राहून वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती असं सगळं हातानं करून शिकतात, आणि शिकता शिकता गावाची खरी कामं करून देतात. मी गेलो होतो तेव्हा आठवीत शाळा सुटलेलं एक पोरगं मला गेटच्या बिजागरीचा हिशोब समजावून सांगत होतं, का म्हणून इतक्या जाडीचा पिन घेतला ते. माझ्या सुपरवायझरला तेवढं सांगता आलं नसतं.

पगाराचं राहिलं. चाकणशी बरोबरी करू नका, करता येणार नाही. पण पोराला हिशोब मांडून दाखवा, तिकडं खोलीभाडं, मेस, जाणं-येणं वजा जाता हातात काय राहतं आणि इकडं घरात राहून काय राहतं. हा हिशोब पोरापुढं नको, बापापुढं आणि आईपुढं करा, घरी जाऊन, चहा पिऊन. नोकरी सोडायचा निर्णय घरात होतो. आणि दहा तारखेचा पगार दहालाच, बारा नाही. कॉन्ट्रॅक्टरमार्फत माणसं घ्यायचा मोह होईल, एका ठिकाणी मी बघितलंय, कॉन्ट्रॅक्टरनं आठ महिने पोरांचा फंड कापला आणि भरलाच नाही, निस्तरावं लागलं मालकाला, आणि त्या गावातून नंतर एक पोरगा त्या कंपनीत गेला नाही. गाव लक्षात ठेवतं.

बॉण्डचं. नका लिहून घेऊ. शिकलेल्यातले काही जाणारच, धरून चाला तीनातला एक. माझा तो फ्लँजवाला पोरगा पण दोन वर्षांनी गेला, पुण्याकडं, माझ्यापेक्षा सहा हजार जास्त. मी त्याला अनुभवाचा दाखला दिला, त्याच्यावर कुठल्या मशीन, कुठला कंट्रोलर सगळं लिहून. सात-आठ महिन्यांनी त्यानं चुलतभावाला माझ्याकडं पाठवला, आणि पाठवायच्या आधी घरीच व्हर्नियर शिकवून पाठवला होता, रुपया-पैशानं. बॉण्ड घातला असता तर तो चुलतभाऊ आला असता का? आणि काही मालक करतात तसं ओरिजिनल मार्कलिस्ट कपाटात ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढा, ओरिजिनल त्याच्यासमोर तपासा आणि तिथल्या तिथं परत द्या.